चुंबक गिळणारा स्लाइम: संच झकास, पुस्तिका कच्ची

आधी निकाल सांगते. चुंबकीय स्लाइम घरी बनवायचा हा संच मुलांना द्यावा का? खुशाल द्यावा. त्यातली पुस्तिका मात्र बाजूला ठेवावी. स्लाइम छान होतो, चुंबकाकडे सरकतोही. पण डब्यावर ज्याची एवढी जाहिरात केली आहे, ते चुंबकत्व पुस्तिकेने जेमतेम चार ओळींत उरकलंय आणि त्यातलीही एक ओळ चक्क चुकीची आहे.

मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे खेळण्याच्या डब्यावर ‘विज्ञान’ दिसलं की मी जरा जास्तच खोलात शिरते. संच भाचरांसाठी होता. थोरली दहा वर्षांची, प्रत्येक गोष्ट वहीत लिहिणारी. धाकटा सात वर्षांचा, प्रत्येक गोष्टीत बोट घालणारा. संचाचं नाव देत नाही, कारण जवळपास असाच डबा वेगवेगळ्या नावांनी मिळतो आणि माझ्या तक्रारी बहुतेक सगळ्यांनाच लागू पडतील.

डब्यात काय होतं? पांढऱ्या ग्लूची बाटली, टाकणखाराची पुडी (हिला पुस्तिकेत ‘जादूची पावडर’ म्हटलंय, विज्ञानाच्या खेळात जादू कशाला हवी?), काळ्या पावडरची घट्ट मिटवलेली पिशवी, ढवळायला लाकडी काडी, हातमोजे आणि एक गोल काळा चुंबक. हातमोजे मोठ्या माणसाच्या मापाचे. धाकट्याने घातले तर बोटांची टोकं लोंबत होती आणि त्याने त्याच लोंबत्या टोकांनी काळी पावडर ढवळायला घेतली. लहान मापाचे मोजे वेगळे आणून ठेवा.

स्लाइम बनवण्याची कृती तशी सोपी आहे. ग्लू आणि तितकंच पाणी एकत्र करायचं, त्यात काळी पावडर मिसळायची, आणि कोमट पाण्यात विरघळवलेला टाकणखार शेवटी घालायचा. कपभर पाण्याला छोटा चमचाभर टाकणखार पुरतो. पुस्तिका म्हणते सगळं द्रावण एकदम ओता. ओतू नका. एकदम ओतलं की बाहेरचा थर ताबडतोब घट्ट होतो, आत ग्लू तसाच कच्चा राहतो आणि रबरासारखे गोळे होतात. चमचा चमचा घालत ढवळत राहायचं. पावडरही टाकणखाराच्या आधीच मिसळायची, कारण एकदा स्लाइम जमला की त्यात पावडर सारखी पसरवणं म्हणजे हात दुखेपर्यंत मळणं.

ढवळताना जे घडतं ते मात्र नीट बघण्यासारखं आहे. पांढऱ्या ग्लूमध्ये काळी पावडर पडली की आधी राखाडी रेघा फिरतात, मग सगळं मिश्रण डांबरासारखं काळंभोर होतं. टाकणखाराचा पहिला चमचा पडला तिथे क्षणात दोरे तयार होतात. काडी उचलली की दोरे लोंबतात. तिसऱ्या-चौथ्या चमच्याला काडी जड व्हायला लागते आणि मग अचानक सगळा ऐवज भांड्याच्या कडा सोडून काडीभोवती गोळा होतो. “आत्या, हा तर काळा शेंबूड झाला!” असं धाकट्याने जाहीर केलं. थोरलीने वहीत ‘घट्ट पण वाहणारा’ असं लिहिलं. दोघांचंही निरीक्षण बरोबर होतं.

यामागचं कारण पुस्तिकेत नाही, ते मी सांगितलं. ग्लूमध्ये पॉलिमरच्या लांबच लांब साखळ्या असतात, एकमेकींवरून घसरणाऱ्या. टाकणखार पाण्यात विरघळला की बोरेटचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले कण, तयार होतात आणि ते दोन साखळ्यांना मध्ये हात देऊन जोडतात. या जोडण्या कायमच्या नसतात. तुटतात आणि पुन्हा जुळतात. म्हणून स्लाइम हळू ओढला तर ताणत जातो, कारण तुटलेल्या जोडण्यांना दुसरीकडे जुळायला सवड मिळते. हिसका दिला की सवडच मिळत नाही आणि तो कट्कन तुटतो. हे लक्षात ठेवा, चुंबकाशी खेळताना याचाच सगळा खेळ आहे.

आता काळी पावडर. ही लोहाची ऑक्साइड, म्हणजे मॅग्नेटाइट. Fe₃O₄ या सूत्राऐवजी मुलांना ‘लोहाचे तीन आणि ऑक्सिजनचे चार अणू’ असं सांगितलं तरी चालतं. या बाबतीत संच बनवणाऱ्यांनी शहाणपणा केलाय. अनेक घरगुती कृतींमध्ये लोहकीस घालायला सांगतात. लोहकिसाचे कण टोकदार असतात, मळताना बोटांना टोचतात, आणि ओल्या स्लाइममध्ये काही दिवसांत गंजून सगळा गोळा तपकिरी करतात. मॅग्नेटाइट आधीच ऑक्सिडीकरण झालेलं असल्याने तसं गंजत नाही, आणि पीठ बारीक असल्याने टोचतही नाही.

पावडर संपली आणि वेगळी आणायची झाली तर जरा सांभाळून. लाल रंगाची लोह ऑक्साइडही मिळते. तिच्यातही लोहच असतं, पण चुंबक तिला जवळजवळ विचारतच नाही. शिवाय नुसता काळा रंग म्हणजे काजळीही असू शकते. पिशवी न फोडता बाहेरून चुंबक फिरवून बघायचा. पावडर आतून चुंबकामागे धावली तरच घ्यायची. हा प्रयोग मी थोरलीकडून मुद्दाम करून घेतला. काळी आणि लाल, दोन बंद पिशव्या शेजारी ठेवल्या. दोन्हींत लोह आहे, मग एकच का धावते? लोह असणं पुरेसं नाही, त्याच्या अणूंची आतली मांडणी कशी आहे त्यावर सगळं ठरतं, हे तिला तिथे समजलं. वर्गात हे फळ्यावर सांगायला मला बराच वेळ लागतो.

आता तक्रार क्रमांक एक: चुंबक. संचातला चुंबक लाउडस्पीकरच्या मागे असतो तसला फेराइटचा आहे. तो स्लाइमजवळ धरला की स्लाइमला फुगवटा येतो, एक जाडसर जीभ थोडी पुढे सरकते आणि तिथेच दमते. डब्यावरच्या चित्रात मात्र स्लाइमला साळिंदरासारखे अणकुचीदार काटे फुटलेले दाखवलेत. हे चित्र स्लाइमचं नव्हेच. तसे काटे फेरोफ्लुइडला येतात. फेरोफ्लुइड हे वेगळं द्रव आहे. १९६३ साली नासातले अभियंता स्टीव्ह पॅपेल यांनी ते तयार केलं, वजनरहित अवस्थेत रॉकेटचं इंधन चुंबकाने ओढून घेता यावं म्हणून. त्यातले कण साधारण दहा नॅनोमीटरचे (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग), तेलासारख्या पातळ द्रवात तरंगणारे. स्लाइम त्या मानाने फारच चिवट. चुंबक जितका ओढतो तितक्याच हट्टाने साखळ्या मागे खेचतात. काटे येत नाहीत, बोटं येतात. ती बोटंही बघायला मजा येते, पण चित्र पाहून आलेल्या मुलाचा पहिला प्रश्न “काटे कुठायत?” हाच असतो, आणि उत्तर आपल्याला द्यावं लागतं.

मी माझ्याकडचा निओडिमियम चुंबक काढला, म्हणजे निओडिमियम नावाचा धातू घालून बनवलेला जोरदार चुंबक. हा प्रकार १९८० च्या दशकात जपान आणि अमेरिका दोन्हीकडे स्वतंत्रपणे शोधला गेला. तेवढ्याच आकाराच्या फेराइट चुंबकापेक्षा याच्यात ऊर्जा दहापट किंवा त्याहूनही जास्त साठवलेली असते. फरक डोळ्यांना लगेच दिसतो. टेबलावर स्लाइम ठेवला, दोन बोटं अंतरावर चुंबक. आधी काहीच होत नाही. मुलं कंटाळायला लागतात. मग स्लाइमची कड जराशी उचलल्यासारखी वाटते, कडेला एक टोक येतं, ते टोक सरपटत निघतं, आणि जसजसं जवळ येतं तसतसा त्याचा वेग वाढतो. शेवटचा पल्ला तर झेपच. टोक चुंबकाला चिकटतं, मग मागून सगळा गोळा ओढला जातो आणि चुंबक कडेकडेने झाकत जातो. वरची चकचकीत गोल जागा लहान लहान होत शेवटी नाहीशी होते. “गिळला! आत्या, त्याने गिळला!”

हे बघताना मुलांना बोलू द्या, आपण सांगायची घाई करू नका. ‘आधी हळू आणि जवळ आल्यावर जोरात का?’ हा प्रश्न थोरलीने आपणहून विचारला. चुंबकाचं ओढणं अंतर वाढलं की नुसतं कमी होत नाही, फार झपाट्याने कमी होतं. अंतर दुप्पट झालं तर बल निम्म्याहून कितीतरी खाली जातं. मग तिने स्वतःच पुस्तिका (तेवढ्यासाठी ती उपयोगी पडली) चुंबक आणि स्लाइमच्या मध्ये धरली आणि पानं एकेक वाढवत गेली. कागदाने चुंबकाचं काही अडत नाही, अडतं ते कागदांच्या जाडीमुळे वाढलेल्या अंतराने, हे तिला पटवायला मग पुठ्ठा, काच आणि लाकडी पट्टी असं सगळं आणावं लागलं. जाडी सारखी असली की तिन्हींचा परिणाम सारखाच.

आणि मग धाकट्याने स्टीलची ताटली आणली.

संचात नसलेला, पण मला सगळ्यात आवडलेला प्रयोग हाच. ताटली मध्ये धरली, खाली फेराइटचा चुंबक, वर स्लाइम. स्लाइम जवळजवळ हललाच नाही. दोघंही हरखली, ‘स्टील चुंबकाला अडवतं’ असं वहीत मोठ्या अक्षरांत लिहूनही झालं. मी दुसरी ताटली दिली, तीही स्टीलचीच. या वेळी स्लाइम खालच्या चुंबकामागे निवांत फिरायला लागला! वहीतली ओळ खोडावी की ठेवावी यावर बरीच भांडाभांडी झाली. मग दोन्ही ताटल्यांना चुंबक लावून बघितला: पहिलीला चिकटला, दुसरीला नाही. न गंजणारं सगळं स्टील एका जातीचं नसतं. एका जातीत निकेल पुरेसं असतं आणि त्याने लोहाच्या अणूंची मांडणी बदलते. तिला चुंबक चिकटत नाही आणि तिच्यातून चुंबकीय क्षेत्र हवेतून जावं तसं आरपार जातं. दुसऱ्या जातीला, म्हणजे आमच्या पहिल्या ताटलीला, चुंबक चिकटतो. तिथे बलरेषा वर येण्याऐवजी ताटलीतूनच वळून परत जातात आणि स्लाइमपर्यंत फारसं काही पोचत नाही. थोरलीने शेवटी लिहिलं, ‘ज्याला चुंबक चिकटतो तेच चुंबकाला अडवतं.’ एवढं वाक्य पुस्तिकेत असतं तर मी तिला पूर्ण गुण दिले असते.

पुस्तिकेतल्या त्या चुकीच्या ओळीकडे येते. स्लाइम तयार झाल्यावर ती म्हणते, ‘अभिनंदन! आता तुमचा स्लाइम चुंबक बनला आहे.’ बनलेला नाही. टाचणी घेऊन स्लाइमजवळ न्या, ढिम्म. टाचणीला स्लाइमचं काही देणंघेणं नसतं. आणखी एक परीक्षा आहे: चुंबकाची एक बाजू स्लाइमजवळ न्या, मग उलटवून दुसरी बाजू न्या. स्लाइम दोन्ही बाजूंना सारखाच धावतो. तो खरंच चुंबक असता तर सजातीय ध्रुव समोर आल्यावर त्याने ढकलायला हवं होतं. पुस्तिकेत पुढे ‘चुंबकाची उत्तर बाजू जवळ आणा’ असंही सांगितलंय, आणि दिलेल्या चुंबकावर उत्तर-दक्षिण काही छापलेलंच नाही.

खरं काय होतं ते असं. चुंबक जवळ आला की पावडरचा प्रत्येक कण तेवढ्यापुरता चुंबक होतो, शेजारच्या कणाला धरतो, आणि कणांच्या रांगा बलरेषांच्या दिशेने उभ्या राहतात. या रांगाच सगळ्या स्लाइमला ओढून नेतात. ग्लू बिचारा फरपटत जातो. चुंबक दूर केला की रांगा मोडतात. एखाद्या कणात चुंबकत्व थोडंफार उरलं तरी कणांची तोंडं दाही दिशांना झालेली असतात, त्यामुळे एकूण जमा शून्य. गंमत म्हणजे हेच मॅग्नेटाइट निसर्गात दगडाच्या रूपात सापडतं, आणि त्यातले काही दगड खरोखर कायमचे चुंबक असतात. माणसाला चुंबक पहिल्यांदा कळला तो या दगडांमुळेच. पदार्थ तोच, पण दगडात सगळे कण जागच्या जागी जखडलेले. हे दोन वाक्यांत मुलांना सांगता येतं; पुस्तिकेने का टाळलं कळत नाही.

हिसक्याचा प्रयोग विसरू नका. स्लाइमची जीभ चुंबकाला चिकटली की चुंबक अगदी सावकाश मागे घ्या. जीभ बोटभर लांब होईपर्यंत सोबत येते. मग पुन्हा चिकटवा आणि एकदम ओढा. जीभ स्वच्छ तुटते, चिकटलेल्या टोकासकट. वर जे जोडण्यांबद्दल लिहिलं ते इथे हाताला कळतं.

आणि कुणी म्हणालं की हा पोरखेळ आहे, तर सांगा: २०२२ साली हाँगकाँगच्या चायनीज युनिव्हर्सिटीतल्या संशोधकांनी चुंबकाने चालवता येणारा स्लाइम दाखवला. अरुंद फटीतून सरपटत जाणारा, वस्तूभोवती गुंडाळी घालून ती धरणारा. चुकून गिळलेली वस्तू पोटात अशी पकडता येईल का, हा त्यामागचा एक विचार. कृती ओळखीची वाटेल: पॉलिव्हिनाइल अल्कोहोल (ग्लूसारखाच लांब साखळ्यांचा पॉलिमर), टाकणखार आणि चुंबकीय कण. फक्त त्यांनी कण निओडिमियम चुंबकाचे वापरले होते. ते शरीराला अपायकारक असल्याने वरून सिलिकाचा (वाळूत असतो त्या पदार्थाचा) थर देण्याचीही सोय त्यांनी केली होती. थोरलीने हे ऐकून आपल्या गोळ्याकडे जरा आदराने पाहिलं.

आता गिळण्याचा विषय निघालाच आहे तर गंभीर बोलते. संचातला चुंबक दुबळा आहे म्हणून मी वर कुरकुर केली, पण बनवणाऱ्यांची बाजूही खरी आहे. लहान आकाराचे जोरदार चुंबक मुलांच्या हातात देणं खरोखर धोक्याचं आहे. दोन चुंबक पोटात गेले तर आतड्याच्या दोन वेटोळ्यांना पकडून एकमेकांना चिकटतात आणि मध्ये सापडलेल्या आतड्याला भोक पडतं. म्हणून खेळण्यांच्या सुरक्षेच्या नियमांत लहान सुट्या चुंबकांच्या ताकदीवर मर्यादा आहे. यातून मार्ग एकच: जोरदार चुंबक वापरायचा तर मोठा, तोंडात मावणारच नाही असा, शक्यतो प्लॅस्टिकच्या आवरणातला, आणि तो मोठ्या माणसाच्या ताब्यात. खेळ संपला की तो वेगळा उचलून ठेवायचा. मुलाने चुंबक गिळल्याची शंका जरी आली तरी वाट न बघता थेट दवाखाना. घरात कुणाला पेसमेकर असेल तर असला चुंबक आणूच नका.

टाकणखाराचंही तसंच. तो पोटात जाता कामा नये, आणि युरोपात तर त्याची गणना प्रजननक्षमतेला घातक पदार्थांत होते. द्रावण मी स्वतः करते, मुलांच्या हाती चमच्याने ओतण्यापुरतंच देते. खेळून झाल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि कातडीवर जखम किंवा पुरळ असेल तर स्लाइमला हात लावायचा नाही. पुस्तिकेत ही सूचना आहे, पण शेवटच्या पानाच्या तळाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. काळी पावडर ओतताना पंखा बंद ठेवा. ती इतकी बारीक असते की उडून नाकात जाते.

चुंबक उघडा स्लाइममध्ये घालू नका. आधी पातळ प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट गुंडाळा. उघड्या चुंबकाला पावडर अशी काही चिकटते की पुसून, धुवून, खरवडूनही जात नाही. पिशवीतला असेल तर पिशवी उलटी करून काढली की झालं. डाग कपड्यांवर पडला तर काळा रंग जात नाही, तेव्हा जुने कपडे आणि खाली वर्तमानपत्र. गालिच्यावर किंवा केसांत स्लाइम अडकला तर पाण्याऐवजी व्हिनेगर लावा. आम्लाने बोरेटची पकड सुटते आणि गोळा पातळ होतो. मग साध्या पाण्याने धुवा. बेसिनमध्ये मात्र अजिबात टाकू नका.

स्लाइम हवाबंद डब्यात ठेवला तर काही दिवस टिकतो. कडा सुकायला लागल्या की थोडं कोमट पाणी लावून मळा. बुरशी किंवा वास आला की टाकून द्यायचा. टाकण्याआधी आत चुंबक राहिला नाही ना, ते बघा. गोळ्याला दोऱ्याने बांधलेली टाचणी दाखवायची. टाचणी उडी मारून चिकटली तर अजून काहीतरी आत आहे. आमच्याकडे ती चिकटली आणि धाकटा म्हणाला, “राहू दे ना आत्या, त्याचं जेवण झालंय.”